बारा नंबरचा खांब

११ फेब्रुवारी
अँटेनावाल्यांनो! सहा वर्षं आपण या माळावर अँटेनांचे खांब रोवतोय आणि सहा वर्षं ते शेजारचे, पाण्याच्या टाक्यांत कण मोजणारे टाकीवाले विचारतायत — ‘काय, आज कुठली गाणी लागली?’
असं सुरू करायचं एप्रिलचं भाषण. समिती येणार आहे. खांब ठेवायचे की उपटायचे, ते ठरवणार.
अवकाशातून कण येतो, हवेवर आदळतो, त्याचे कोट्यवधी कण होऊन खाली बरसतात. त्यातले उरलेसुरले टाकीवाल्यांच्या पाण्यात पडतात, आणि केवढा तो तोरा! आम्ही त्या सरीचा रेडिओ-ठोका पकडतो, ती हवेत असतानाच. खांबागणिक दोन आडव्या दांड्या, एक पूर्व-पश्चिम, एक उत्तर-दक्षिण.
वायरमन अचानक रजेवर. पाच, नऊ आणि बारा नंबरच्या वायरी मीच जोडल्या. खांबाला दहा मिनिटं! हा गृहस्थ एवढ्यासाठी अर्धा दिवस खांबाला मिठी मारून बसतो. दुरुस्तीच्या वहीत आजच्या कामापुढे त्याचंच नाव आधीपासून लिहिलेलं. राहू दे. वायरीची कसली नोंद!

२ एप्रिल
सापडली! प्रचंड सर. टाक्यांनी पाहिली, आमच्या नऊ खांबांनी ऐकली. सगळ्यात मोठा ठोका बारावर. आता बोला!

३ एप्रिल
बोलला टाकीवाल्यांचा प्रमुख, टाकीसम्राट. शाळेतल्या पोरांना सांगावं तसं: पृथ्वीचं चुंबकत्व सरीतले कण दोन बाजूंना खेचतं, म्हणून ठोका पूर्व-पश्चिम दांडीवर जोरात हवा. “तुमच्या बारावर उत्तर-दक्षिण दांडी ओरडतेय. बाई, पृथ्वी तुमच्यासाठी वळली की काय?”
सगळे हसले. चहा देणारासुद्धा.

४ एप्रिल
नवरा म्हणाला, “घरात तरी माइक बंद ठेव.”

९ एप्रिल
जिंकलो!
बाराच्या दोन दांड्यांच्या वायरींची अदलाबदल झालीय, एवढंच. सरळ करून पाहिलं तर ठोका अचूक पूर्व-पश्चिम. समितीसमोर दुरुस्तीची वही उंच धरली. म्हटलं, “इथे विज्ञान हरलं नाही, पक्कड हरली!” काय टाळ्या!
वायरमन मागे उभा होता. “बाई, बाराला मी हात लावला नव्हता.”
“मग वायरी काय वाऱ्याने जोडल्या?”
हशा. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. संचालक तिथल्या तिथे म्हणाले, उद्यापासून येऊ नका. एकोणीस वर्षांची नोकरी, पण हलगर्जी ती हलगर्जीच. खांब राहिले.

१० एप्रिल
वायरमनची बायको दाराशी येऊन गेली म्हणे. मी कामात होते.

१४ एप्रिल
संचालकांना माझं भाषण छापायचंय. “मुळात कसं सुचलं, तेही लिहून द्या.” म्हणून ही डायरी मागे चाळली.
११ फेब्रुवारी. माझंच अक्षर.
पाच, नऊ आणि बारा.
दहा मिनिटं!
त्याच्या घरी जाऊन हळू आवाजात माफी मागायची — असं मनात आलंच लगेच. नाही. हशा भर सभेत पिकवलास ना? मग उद्या सकाळी अकराला, त्याच सभागृहात, त्याला पहिल्या रांगेत बसवून, फेब्रुवारीचं हे पान मोठ्याने वाच.