खालचा दोरा

दि. ३ मार्च

ती. ताईस, सा. न.

पत्र लिहायला बसलो की गिटारची तार तरी तुटते, नाहीतर मीच उठून कुठेतरी भटकायला जातो. असे पाच आठवडे गेले. आधी माझा कान पिळ, मग पुढे वाच.

आमचा पहिला अल्बम होतोय. चौघं आहोत. कागदावर काही लिहीत नाही; एकाने खोडी काढायची, बाकीच्यांनी ती वाढवायची. ड्रमवाला मध्येच शिंकला, तर ती शिंकही घेतली. त्याने मांजरी पाळलीय, तिचं वेगळंच... असो.

घोडं अडलंय एकाच ठिकाणी. शेवटचं गाणं बाबांच्या शिलाई मशीनच्या चालीवर आहे: सहा टाके सरळ, सातव्याला पट्टा घसरतो, तीच. ते थांबवताच येत नाही. दर वेळी चाळीस मिनिटं होतात, तबकडीच्या एका बाजूवर बावीसच मावतात. स्टुडिओ फक्त चौदा तारखेला मिळालाय. तोवर शेवट सापडला नाही तर गाणं वगळायचं ठरलंय. आणि मी तर त्याच्यासाठीच अल्बम करतोय.

सोबत कॅसेट आहे. बाबांना ऐकवू नकोस. दुकान सोडून तारा छेडायला गेलो, हे त्यांना दोन वर्षांत पचलेलं नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी

दि. ९ मार्च

चि. भिंगरीस, अ. आ.

ऐकवू नकोस म्हणालास, म्हणून दुकानातच लावली. बाबा कोटाला अस्तर लावत होते. त्यांचा पाय थांबला, तो चाळीस मिनिटांनीच हलला. म्हणाले, पट्टा आपलाच आहे. मग म्हणाले, गाढवाला एवढंही आठवत नाही का, खालचा, बॉबिनमधला दोरा संपला की मशीन आपणहून सांगतं. आवाज पोकळ होतो, पाय चार टाके तसाच जातो आणि थांबतो. बघावं लागत नाही.

मला एवढंच कळलं, पुढचं तू बघ.

नंतर एक गिऱ्हाईक आलं. माप घेता घेता त्याला सांगून झालं की मुलाचा अल्बम येतोय. छाती मोजली त्याची, फुगली मात्र बाबांची. कॅसेट परत मागू नकोस, ती कातरीच्या खणात गेली.

वेळेवर जेवत जा, आमची आठवण ठेव.

तुझी,
ताई

दि. १४ मार्च

ती. ताईस, सा. न.

स्टुडिओतूनच लिहितोय. आमचा खालचा दोरा म्हणजे बेसवाला जाड्या. त्याने मनात येईल तेव्हा तारांवरून हात उचलायचा, आवाज पोकळ झाला की आम्ही तिघांनी चार टाके तसंच जायचं आणि थांबायचं. कुणी कुणाकडे बघायचं नाही. पहिल्याच खेपेला एकवीस मिनिटं. काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला यंत्र बंद करायचं विसरून तसाच बसून राहिला.

कव्हरवर आम्हा चौघांखाली पाचवं नाव बाबांचं. चाल त्यांची, शेवटही त्यांचाच. नको म्हणाले तरी घालणार, सांगून ठेव.

लोभ आहे तसाच ठेव, जमलं तर थोडा उसवून मोठा कर.

तुझा,
भिंगरी

ता. क. पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात दार वाजलं. बाबा आलेत. गळ्यात मापाची टेप तशीच, दुकानातून उठून थेट. माझ्याशी अजून बोललेले नाहीत. रेकॉर्डिंगवाल्याला सांगतायत, शेवटचे चार टाके पुन्हा लावा.