कॉफी की रबर

प्रिय हुंगाबाई,

या नावाने हाक मारली की तू चिडायचीस. आताही चीड, त्या निमित्ताने फोन तरी करशील. घाईत लिहितोय, अक्षर वाट फुटेल तिकडे चाललंय. जमेल तसं लावून वाच.

काल सकाळी दूध उतू गेलं आणि शेगडी विझली. मी तिथेच, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, शाळेतली रानफुलाची कविता आठवत बसलो होतो. मास्तर ती डोळे मिटून म्हणायचे. फूल कुणाला दिसत नाही, पण वाऱ्याला कळतं, अशी काहीशी. दुसरं कडवं काही केल्या ओठांवर येईना. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची शिवणकामवाली दार ढकलून आत घुसली, शेगडीचा खटका बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मला दंडाला धरून जिन्यात आणलं. जिनाभर गॅसचा वास पसरला होता म्हणे. सगळ्यांदेखत विचारते कशी, आजोबा, ते नाक आहे की नुसती चष्म्याची खुंटी? मीही हसलो. मग हसू तोंडातच थिजलं. मला खरोखरच कसलाही वास येत नव्हता.

अगं, मला. ज्याने नाकावर संसार चालवला, त्याला. गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकाचं एक उग्र द्रव्य मिसळतात. आमच्या स्वादांच्या प्रयोगशाळेत माझ्या बाटलीत जे द्रव्य असायचं, त्याचं ते चुलत भावंड. घरातल्या माणसाने हाक मारावी आणि आपण ओ देऊ नये, तसं झालं.

ती बाटली तू कधी पाहिली नाहीस, पण तिच्याशी तुझी ओळख जुनी. फरफ्युरिल मरकॅप्टन. पाण्यासारखं, जरासं पिवळट. बूच उघडलं तर जळक्या रबराची अशी घाण, की माणूस पळत सुटावा. आणि त्याचाच थेंब पातळ करत करत जवळजवळ नाहीसा केला की ताज्या भाजलेल्या कॉफीचा दरवळ. बिस्किटांत, गोळ्यांत, कॉफीच्या आइस्क्रीममध्ये आम्ही तो नाहीसा झालेला थेंबच घालायचो. कविता याहून वेगळं काय करते, असं मी म्हणायचो आणि साहेब म्हणायचे, कविराज, आधी हातमोजे घाला. खरंच होतं त्यांचं. ते पेट घेतं, म्हणून विस्तवापासून लांब; हवेने बिघडतं, म्हणून बाटलीतल्या रिकाम्या जागेत नायट्रोजन भरून थंडीत ठेवायचं; उघडायचं ते फक्त धूर ओढणाऱ्या कपाटात. सांडलंच तर ब्लीचचं पातळ पाणी.

आणि सगळ्यात मोठा नियम, स्वतःच्या नाकावर विसंबायचं नाही. नाक दमतं. वास यायचा थांबला म्हणजे वास गेला, असं नव्हे. म्हणून सुटी झाली की प्रत्येकाने दुसऱ्याला हुंगायचं, मगच फाटकाबाहेर. तुझ्या आईने तोच नियम घरी लावला आणि तुला दारात उभं केलं. तू टाचा उंचावून माझी बाही हुंगायचीस आणि निकाल द्यायचीस. कॉफी म्हणालीस तर आत, रबर म्हणालीस तर थेट न्हाणीघर. आई आतून ओरडायची, नीट हुंग गं, तुझे बाबा लाच देतील.

आज नाक तपासून घ्यायला जुन्या प्रयोगशाळेत गेलो. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी आता तिथली प्रमुख आहे. तिने कागदाच्या पट्ट्या पुढे केल्या. मी पहिली हुंगून म्हटलं, कॉफी, भाजणी जरा जास्त. दुसरीला म्हटलं, ही मवाळ. तिने दोन्ही पट्ट्या माझ्या हातातून काढून घेतल्या. मग हळूच म्हणाली, सर, दोन्ही कोऱ्या आहेत. पोरी, मी खोटं बोलत नव्हतो गं. मला कॉफीचा वास आला होता. इतकी वर्षं घोकलेला वास नाकाने स्वतःच म्हणून दाखवला, पाठ कवितेसारखा.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. तू किती वेळा म्हणालीस, बाबा, इकडे या, एकटे राहू नका. मी दर वेळी पाण्याचं, हवेचं, गुडघ्यांचं कारण काढलं. खरं कारण कपाटातली तुझ्या आईची शाल. ती गेल्यापासून रोज सकाळी शाल उघडतो, तिचा वास येतो, आणि घर सोडवत नाही. आज घरी आल्यावर उघडली. आला वास, अगदी तिचाच. पण त्या कोऱ्या पट्टीलाही आला होता. ती शालीत आहे की नुसती माझ्या पाठांतरात, आता मला सांगता येणार नाही. म्हणून हे पत्र. मी तुझ्याकडे राहायला येतोय. शाल घट्ट बंद पिशवीत घालून आणतोय, हवा लागू न देता. मला आत घेण्याआधी दारातच ती हुंग आणि जे असेल ते सांग. नुसती लोकर असली, तर नुसती लोकर म्हण. तू कधी लाच घेतली नाहीस, आताही घेऊ नकोस.

तुझाच, निकालाची वाट पाहत दाराबाहेर उभा,
बाबा