फ्रिजमधून फ्रिजवर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगं वाकली, तेवढी गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळे बरे आहेत, फक्त कोनफळं उठत नाहीत आणि मी झोपत नाही.

आईच्या हातची ती पाच कोनफळं तू मला बेण्यासाठी दिलीस, तेव्हा 'लावायच्या आधी कोंब येऊ दे' एवढंच बोललीस. कसा येऊ द्यायचा ते सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही (धाकटीलाही मान असतो). मला आठवल्या आपल्या कॉन्व्हेंट शाळेतल्या, बाग सांभाळणाऱ्या सिस्टर. फुलांचे कंद त्या थंड तळघरात ठेवायच्या. म्हणायच्या, गारठा खाल्ल्याशिवाय कंद जागा होत नाही. सिस्टरांचा शब्द म्हणजे आपल्याला काळ्या दगडावरची रेघ. मी पाचही कोनफळं पुसून, रुमालात गुंडाळून तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवली. काढली तेव्हा तीन आतून काळी, पचपचीत. बियाण्याच्या दुकानदाराला दाखवली, तर तो बराच वेळ कोनफळांऐवजी माझ्याकडेच बघत राहिला. मग म्हणाला, याला दमट ऊब लागते आणि अंधार. बाकी ते आपल्या वेळेलाच उठतं, आपण फक्त अंथरूण बरं घालायचं.

तेव्हापासून उरलेली दोन ओल्या गोणपाटात गुंडाळून फ्रिजच्या डोक्यावर ठेवली आहेत, मागच्या बाजूला, जिथे हाताला ऊब लागते. (ज्याने मारलं, त्याच्याच डोक्यावर.) तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. स्टुलावर चढते, गोणपाट सोडते, चष्मा लावून बघते, नखाने साल खरवडून आत ओल आहे ना पाहते, शिंपडते, झाकते, उतरते. चहाला आधण येईपर्यंत पुन्हा वर. लागवडीचे दिवस संपत आलेत. ही दोन गेली तर आईचं वाण गेलं, आणि तेही माझ्या हातून. काल ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हणाले, "अगं, तू त्यांना धड झोपू देत नाहीस, तर ती उठणार कशी?" मी दोन तास भांडी आपटली. मग चढून पाहिलं.

सर्वांना यथायोग्य (म्हणजे भावोजींना नमस्कार, तुझ्या मांजराला काही नाही).

तुझी,
धाकटी

ता. क. चढून पाहिलं तेव्हा एकाला कोंब आला होता, तांदळाएवढा. नीट दिसावा म्हणून उजेडाकडे वळवला आणि माझ्याच अंगठ्याने मोडला. ह्यांना सांगितलेलं नाही.

ता. क. २. सहावं कोनफळ तू जिन्याखाली ठेवून घेतलंस, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. (आईही मला सगळं कधी द्यायची नाही.) ते पार्सलने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. आई गेल्यापासून तुझं पाऊल या घराला लागलेलं नाही.

ता. क. ३. ते तुम्ही शिजवून खाल्लं असेल, तर मला कळवू नकोस. हात हलवत ये. स्टूल धरायला माणूस हवं.