चौथा झटका

१ एप्रिल, मंगळवार
आज देवासहून उज्जैनला आले. ऋताताई इथल्या देवास गेट बसस्टँडला स्कूटी घेऊन उभ्याच होत्या. फ्रीगंजमध्ये कचोरी खाऊ घातली आणि म्हणाल्या, लाजू नकोस, घर तुझंच समज. नववीत शाळा सोडल्यापासून पहिल्यांदा कुणी मला कामाची समजलंय. घर माधव नगरात, छत एकदम मोठ्ठं. ताईंच्या आई, मीनाकाकू, ऑपरेशनला इंदूरला आहेत. त्या आल्या की त्यांच्याजवळ राहायचं, बस.

४ एप्रिल
काकू उद्या येणार. घर चकाचक केलं. पलंगाखालच्या पेटीत काकांचे कारखान्याचे निळे कपडे सापडले. काका जाऊन बारा वर्षं झाली. छतावर नेले, शर्ट चारदा जोरात झटकला, मग धुऊन परत ठेवला. धूळ उन्हात चांदीसारखी चमकत होती. मी तोंड वर करून बघत राहिले.

५ एप्रिल
काकू आल्या. वाळल्यात, पण मजेदार आहेत. म्हणाल्या, "आवाज आहे की नाही तुला, का देवासलाच ठेवून आलीस?" दोन वर्षांपूर्वी त्यांच्या फुप्फुसावरचं अस्तर सोलून काढलं होतं. कॅन्सर जुन्या टाक्यांपाशीच परत उगवला. आता दोन बरगड्या कापून जाळी बसवलीय. कुशीवर वळवताना माझा हात घट्ट धरतात.

८ एप्रिल
काकूंनी स्वतःच सांगितलं. त्या कधी कारखान्यात गेल्याच नाहीत. काका ॲस्बेस्टॉसवाले सिमेंटचे पत्रे कापायचे. चार वाजता घरी आले की काकू त्यांचे कपडे छतावर झटकायच्या. झटकल्याशिवाय पाण्यात घालायचे नाहीत, असं सासूबाईंचं म्हणणं होतं. तीच धूळ छातीत जाऊन चाळीस वर्षं गप बसली.
मग म्हणाल्या, "पेटी टाकवत नाही गं मला. तू मात्र हात लावू नको."
मी मान हलवली. सांगता नाही आलं.

९ एप्रिल
चार वाजता छतावर फट. फट. फट. फट. वर गेले तर कुणी नाही. दोरी हलत होती.

११ एप्रिल
पेटीतला शर्ट ओला. काकू आवाज मोजतात. आज म्हणाल्या, "मी तीनदाच झटकायचे. हा चौथा कोणाचा?"

१२ एप्रिल
त्यांना कळलं. रागावल्या नाहीत. मला जवळ ओढून छातीला कान लावला. बराच वेळ—

१३ एप्रिल
चार वाजले. छतावर आहे. कशी आले—
डाव्या हातानं लिहितेय. उजव्यात शर्ट आहे. मी नाही घेतला. हात थांबत नाही. एक. दोन.
काकू खालून म्हणतायत तोंड मिट पोरी. मिटत नाही—
तीन. किती चांदी—
चा