कटकट, उदाहरणासह

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तुमच्या शब्दकोशाचं घोडं ‘क’वर अडलंय, आणि ‘कटकट’ शब्द आला कुठून, हे तू मला विचारतोस? इथे ये, ताजा मिळेल. आईची कटकट उजाडल्यापासून सुरू होते ती दिवे लागले तरी संपत नाही. उशी सरकव, पडदा ओढ, पाणी कोमट नाही. मशीनवर बसून एक शिवण सरळ घालीन तर शपथ.

माझी कंबर पार गेलीय. महिनाभर काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि आईला दिवसातून चारदा उचलून बसवावं लागतं. तू महिनाभर ये. रजा देत नसतील तर भांडून घे.

लोभ असू दे, पण यंदा तो इथे येऊन दाखव.

तुझी,
ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

शब्द आवाजावरून आला, इथवर आमचं एकमत. कशाच्या आवाजावरून, यावर मात्र दोन दिवस खटके उडाले. कुणी दात म्हणे, कुणी लाकूड. शेवटी संपादकच कावले. अर्थ दिलाय: बारीकसारीक पण सततचा त्रास. आणि उदाहरणाला तुझं आईवरचं वाक्य घेतलंय, जसंच्या तसं!

मुद्रितं सोबत पाठवतोय, आईला दे. छापखान्यात तिने जन्मभर हेच तपासलं, तेवढाच जीव रमेल. रजेचं ‘ख’ संपल्यावर बघतो.

राग मानू नये, लोभ ठेवावा.

तुझा,
धाकटा

ता. २ एप्रिल

चि. धाकट्यास,

डोक्यात भुसा भरलाय का रे तुझ्या? आईने पान वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मी माफी मागितली तर म्हणाली, खरंच तर लिहिलंयस.

तेव्हापासून घर चिडीचूप. पाणीसुद्धा मागत नाही. मला बरं वाटायला हवं होतं, नाही का? शिवण सुचत नाही. दर पाच मिनिटांनी उठून डोकावते, की ती डोळे मिटून घेते. काल मी कपडे पोचवायला गेले तेवढ्यात एकटीच उठायला गेली आणि पडली. उजव्या मनगटाला प्लास्टर आहे. तिला मीच उचललं. माझ्या कंबरेचं विचारू नकोस.

ते वाक्य काढ. आजच्या आज.

ताई

ता. ६ एप्रिल

चि. धाकट्यास, अ. उ. आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितेय, अक्षर लावून घे.

वाक्य काढू नकोस. खरं आहे ते. पडून पडून मी वैतागते आणि ते पोरीवर निघतं. वाचून आधी राग आला, मग लाज वाटली. तोंड मिटून बसले आणि तिच्या जिवाला आणखीच घोर लावला. आता पुन्हा हाका मारते. काल पाणी कोमट नाही म्हटलं, तर रडलीच वेडी.

तिने तुला आणखी काय लिहिलं होतं, ते मी तिच्याकडून काढून घेतलं. अख्ख्या पत्रातून तू माझी कटकट तेवढी उचललीस. ‘तू महिनाभर ये’ हेही तिने त्यातच लिहिलं होतं. ते गाळलंस. माझी हयात मुद्रितं तपासण्यात गेली, बाळा. गाळलेलं मला दिसतं.

गाडीत बसल्यावरच उत्तर लिही.

तुझी,
आई