मैनेचा हात न लागता

मी, हौसाबाई दामू तरे, वय सुमारे पन्नास, धंदा कांड्या भरणे, राहणार मौजे कोन, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहवते. कमरेखालचं मला काही कळत नाही, डोक्यातलं सगळं कळतं. भीतीही कळते, आणि आज ती फार आहे. कारकून चांगदेव, हेही लिहा.

ऐन विशीत भाताची उडवी रचताना वरून पडले आणि पाठीचा कणा मोडला. डॉक्टर म्हणाले, पुढचं पीक बघणार नाही. दीर केसरीनाथ यांनी तर माझ्या ताटीचे, तिरडीचे बांबू आणून ठेवले. त्यानंतर किती पिकं घरात आली! ते बांबू आमची कपडे टाकायची वलण झाले. माझ्यामागे ते दिरांना परत करावेत.

यजमानांनी मग मैनेशी दुसरं लग्न केलं. मी कितीतरी दिवस तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. तीही हट्टी. शिव्या खात माझी कूस बदलत राहिली. तिच्याच आधाराने मी बसायला शिकले, यंत्रमागवाल्यांच्या कांड्यांवर सूत भरलं, गावच्या पोरींना ते काम शिकवलं, बैलगाडीतून जत्रा केल्या, पोटभर भांडले आणि हसले. मूलबाळ दोघींनाही नाही. यजमान गेले तेव्हा एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो.

हे घर माझ्या कमाईचं, माझ्या नावावर आहे. घर, चरखा, भांडीकुंडी, सगळं मैनेला द्यावं. वकील सांगतात, तिचं लग्न झालं तेव्हा दुसरी बायको करायला कायद्याने बंदी होती, म्हणून कागदावर ती आमची कोणीच नाही. मृत्युपत्र नसेल तर घर दिरांकडे जाईल. ते ओट्यावर उभे राहून बोलून गेलेच, "हिचा काय हाय या घरान? लगीन तरी झालंय का कायद्यान?" मैना भाकऱ्या थापत होती. हात थांबला नाही, पण तव्यावरची भाकरी करपली.

पाठीला क्षत पडलंय. मैना रोज पुसते आणि हल्ली चिंध्या माझ्यापासून लपवून जाळते. ताप उतरत नाही. मला मरायची भीती वाटते, सांगायला लाज कसली? पण डोळे मिटले की मैना बोचकं घेऊन कल्याणच्या रस्त्याला उभी दिसते, ती भीती त्याहून मोठी.

वकिलांनी बजावलंय, सहीच्या वेळी मैना खोलीत नको. दीर कोर्टात म्हणतील, तिनेच हात धरून सही करवली. पण मला मागून धरल्याशिवाय बसता येत नाही, आणि धरणारे हात आजवर तिचेच. म्हणून लुगड्याने खांबाला बांधून घेतलंय. गाठ तिनेच मारली. "ताई, मी भायेर वट्यावं बसतंय. हाक मार, लगीच येतंय," म्हणाली आणि दार ओढून गेली.

गाठ सरकतेय. अंग कलतंय. कागद पुढे करा.

सही: हौसाबाई दामू तरे

आमच्यासमक्ष, कोणाचाही हात न लागता सही केली.
साक्षीदार: १. नामा गोपाळ भोईर, सही. २. बायजाबाई चांगो म्हात्रे, डाव्या हाताचा अंगठा.

ठिकाण: मौजे कोन. तारीख: १२ नोव्हेंबर १९७६.

ताजा कलम: सही झाली ना? मग चांगदेव, आधी दार उघडा. मैनेला आत घ्या.