एकाच बाजूचा उजेड

८ नोव्हेंबर
केनेशचा फोटो आला! किती दिवसांनी! आणि काय फोटो आहे! खिडकीचा उजेड एका बाजूने, पडद्यातून गाळून आलेला, मऊ. डावा डोळा इतका लख्ख की पापण्या वेगवेगळ्या दिसतात. उजवा गाल सावलीत बुडालाय. हनुवटी किंचित वळवलेली, डोक्यावर फुकटची जागा नाही, मागची भिंत धूसर. आजवर नवऱ्याचे तिकडे परदेशी कामावरून, सुरगुतहून फोटो यायचे ते कसले — हात लांब करून काढलेले, नाक बटाट्याएवढं, मागे दोरीवर खोलीतल्या सगळ्यांचे मोजे!

संध्याकाळभर फोन हातात. सासूबाई म्हणाल्या, "चाटून संपवशील त्याला. चहा ओत."

मला तो गाल हातात धरायचाय. दुसरं काही नको.

१० नोव्हेंबर
फोटोच्या दुकानात कामावर गेले तेव्हा तोक्तोसुन बायकेंना दाखवला. मालक आहेत, पण सगळे बायके, म्हणजे दादाच म्हणतात; धंदा मला त्यांनीच शिकवला. चष्मा चढवून बराच वेळ बघत होते.

"हे केनेशचं डोकं नाही," म्हणाले. "कोणीतरी बसवलाय. खांदा धरून वळवलाय. तुझ्या नवऱ्याला फाटकावर दोन शिंगं सारखी काढता आली नाहीत."

हसलो दोघं. खरंच आहे ते. जायच्या आदल्या आठवड्यात त्याने आमच्या निळ्या फाटकावर मेंढ्याची पांढरी शिंगं रंगवायला घेतली. डावं काढलं झोकात, उजव्याला रंग पुरला नाही. अर्धंच राहिलं. मी कोणाला हात लावू दिला नाही. आल्यावर करेल पुरं.

येताना सारखं तेच डोक्यात. खांदा धरून वळवलाय. कोणी?

२ डिसेंबर
दुसरा फोटो. तीच बाजू, तोच उजेड. म्हटलं, व्हिडिओवर ये. म्हणे नेट नाही. फोटो यायला नेट आहे, तोंड दाखवायला नाही!

३ डिसेंबर
दुकानातल्या कॉम्प्युटरवर डोळा मोठा करून पाहिला. बुबुळात खिडकी आहे. खिडकीशेजारी कोणीतरी उभं, पांढऱ्या कपड्यात. बाई आहे. पाइप जोडणाऱ्या कामगारांच्या खोलीत पांढरे शुभ्र कपडे घालून कोण येतं?

मला फोटो शिकवू नये कोणी. फोकस असा नेमका डोळ्यावर बसतो तो ज्याला तो डोळा हवासा वाटतो त्याच्याच हातून. तिला तो आवडतो. मला दिसतंय.

६ डिसेंबर
कडाका. नारीन नदी पार गोठली. फाटकसुद्धा. लाथ मारून उघडलं. अर्ध्या शिंगावर बर्फ बसलाय.

२० डिसेंबर
फोन लागला एकदाचा. नुसता आवाज.

"कोण काढतं रे तुझे फोटो?"

"आहे एकजण."

"एकजण की एकजणी?"

म्हणाला, "बुरुल, चांगला दिसतो ना मी? मग झालं तर."

झालं तर म्हणे! मी फोन आपटला. मग तोच फोटो मोठा छापून आणला आणि भिंतीवर लावायला घेतला — माझी तऱ्हाच अशी. सासूबाईंनी खिळा हातातून काढून घेतला. "टांगतात ते गेलेल्यांना. माझा लेक दारातून येईल, खिळ्यावरून नाही." फोटो कपाटात पालथा घातला. मी ओरडले त्यांच्यावर. नंतर दोघी रडलो, आपापल्या खोलीत.

१४ जानेवारी
त्याची उशी रोज झटकून ठेवते. मूर्ख आहे मी.

१७ फेब्रुवारी
आज लग्न ठरलेली एक मुलगी आली, आईबरोबर. मुलीच्या गालावर लहानपणी भाजल्याचा मोठा व्रण. आई कानाशी येऊन काही सांगणार, त्याआधीच मी स्टूल फिरवलं होतं. खांदा धरून मुलीला वळवलं. चांगला गाल खिडकीकडे, दुसरा अंधारात. हनुवटी किंचित इकडे. पडदा ओढला, उजेड मऊ केला. आणि कॅमेऱ्याला डोळा लावला —

केनेश!

तोच फोटो. तसाच्या तसा. बटण दाबायला बोट हलेना. मुलगी विचारते, "एजे, ताई गं, माझं काही चुकलं का?" बायकेंनी येऊन मला बाजूला केलं.

हे मी रोज करते! कोणाचा डाग, कोणाचा तिरळा डोळा, कोणाचा वाकडा जबडा — रोज सावलीत लपवते. आणि घरच्या फोटोत सावली किती सुरेख म्हणून बघत बसले. एकाही फोटोत उजवी बाजू नाही. एकाही! मी बाई शोधत होते. पांढरे कपडे — दवाखान्यातली नर्स असणार ती.

१८ फेब्रुवारी
लिहिलं त्याला — उजवीकडे काय झालंय?

दिवसभर काही नाही. संध्याकाळी आलं: "ऑक्टोबरात वाफेची नळी फुटली. डोळा गेला. गालही गेल्यातच जमा. एनेला सांगू नकोस, आईचा जीव तिचा. मी तिकडे येत नाही, बुरुल. पैसे पाठवत राहीन. तू दिवसभर चेहरे बघणारी. घरी येऊन हा कशाला बघशील?"

चेहरे बघणारी! रागाने अक्षर वाकडं येतंय. आणि तो तिथे एकटा पडला होता. त्या नर्सने तरी त्याचा खांदा धरला. मी नव्हते.

२० फेब्रुवारी
माझा पुढचा दात या हिवाळ्यात पडला. तेव्हापासून त्याला पाठवलेल्या प्रत्येक फोटोत मी तोंड मिटून, मोठी शालीन!

आज पासपोर्टच्या स्टुलावर मी बसले. दोन्हीकडून दिवे, सावलीला जागाच नाही. आणि हसले, जबडा उघडून. बायके म्हणाले, "अगं, आधी सोन्याचा बसवून घे." म्हटलं काढा तुम्ही. तसाच पाठवला. खाली लिहिलं — आता तू. समोर बघ.

२७ फेब्रुवारी
काही नाही.

९ मार्च
त्याचा फोन बंद. पैसेही आले नाहीत. जिवाचं पाणी झालंय. शेवटी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या पीठ मळत होत्या. हात थांबले, पुन्हा चालू झाले.

"त्याचा एक डोळा राहिला, माझे दोन आहेत," म्हणाल्या. "एकमेकांना बघायला तेवढे पुष्कळ." मग पीठ तसंच टाकून बाहेर अंगणात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत.

ये रे. कसाही ये. मी काही म्हणणार नाही. म्हणेन, खूप बोलेन, पण ये.

२१ मार्च
नूरूझ, आमचं नवं वर्ष. सकाळ. तेल तापलंय, पिठाचे बोरसोक तळायचेत, आणि फोटो आला! उभ्यानेच लिहितेय. हात लांब करून काढलेला, नाक बटाट्याएवढं. समोरून! भर उन्हात! पण गाढवाचा फोकस चुकलाय — चेहरा नुसतं धुकं, डोळा कळत नाही की गाल कळत नाही. लख्ख आलंय ते मागचं. मोठं करून बघते.

मागे निळा रंग. त्यावर पांढरं शिंग, झोकात काढलेलं. शेजारी दुसरं — अर्धंच.